फुकट दिलं म्हणजे कायमचं बांधून घेतलं का?

"उद्या सकाळी अंक छपाईला द्यायचाय आणि तुमच्या प्रोग्रॅमने सगळा मजकूर बिघडवलाय. ताबडतोब दुरुस्त करा. लक्ष द्यायला जमत नसेल तर असल्या गोष्टी नेटवर ठेवता कशाला?"

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर, रात्री पावणेबाराला मला हा मेल आला. पाठवणारे गृहस्थ अनोळखी. प्रोग्रॅम म्हणजे जुन्या फॉन्टात टाइप केलेला मराठी मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीत, आणणारी माझी छोटीशी स्क्रिप्ट. २०१७ साली बाबांचे जुने लेख वाचवण्यासाठी लिहिली होती. आणखी कुणाच्या उपयोगी पडेल म्हणून कोडसकट गिटहबवर, म्हणजे कोड सगळ्यांसाठी खुला ठेवायच्या साइटवर, ठेवून दिली.

त्यांचा अंक अडकला होता 'वार्षिक वर्गणी'वर. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करायची आणि रफार अक्षर झाल्यावर चढवायचा. युनिकोडमध्ये दोन्ही उलटं: वेलांटी अक्षरानंतर येते, रफाराचा 'र्' अक्षराच्या आधी. एकेकटे असले की माझी स्क्रिप्ट निभावून न्यायची. एकाच अक्षरावर दोन्ही आले की रफार मागेच राहायचा आणि 'वार्षिक'चं 'वाषिर्क' व्हायचं. नेटवर जुने लेख वाचणाऱ्यांनी 'आथिर्क', 'वाषिर्क' नक्की पाहिलं असेल. ते असंच घडतं.

मी तो मेल चौथ्या दिवशी उघडला. आधी भयंकर राग आला. एक पैसा न देता हा माणूस मला हुकूम सोडतो! मग माझंच पान उघडून पाहिलं. वर ठळक लिहिलं होतं, 'सर्व प्रमुख फॉन्ट चालतात'. प्रत्यक्षात वर्षभर मी त्या कोडला हात लावला नव्हता, आणि तसं कुठेही सांगितलं नव्हतं. त्यांची भाषा चुकली होती, पण त्या पानावर विसंबून त्यांनी आपलं काम लावलं होतं, हेही खरं होतं.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. फुकट काम करणाऱ्या मेंटेनरवर, म्हणजे असा कोड सांभाळणाऱ्यावर, दुरुस्तीची सक्ती कुणी करू शकत नाही. अशा कोडच्या लायसन्समध्ये तर सरळ लिहिलेलं असतं की आहे तसं घ्या, हमी नाही. पण 'मला आता जमत नाही' हे उघडपणे सांगणं त्याचं कर्तव्य आहे. आणि त्याने ते सांगितल्यावर त्याला धारेवर न धरणं हे वापरणाऱ्याचं. हा दुसरा भाग आपण पाळत नाही, आणि त्याची किंमत किती मोठी असू शकते ते २०२४ साली जगाने पाहिलं.

एक्सझेड हे फाइली आकसून लहान करणारं सॉफ्टवेअर, जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असतं. फिनलंडचे लासे कॉलिन वर्षानुवर्षं ते बिनपगारी सांभाळत होते. २०२२ मध्ये काही नावं त्यांच्या मागे लागली. पॅच (इतरांनी पाठवलेल्या दुरुस्त्या) पडून आहेत, तुम्हाला रस उरलेला नाही, दुसरा मेंटेनर नेमा. त्यातलं एक नाव तर 'जिगर कुमार', आपल्या शेजारच्या क्युबिकलमधलं वाटावं असं. कॉलिन यांनी प्रामाणिक उत्तर दिलं: रस गेलेला नाही, पण मानसिक आरोग्याचा त्रास बरेच दिवस आहे, आणि हा बिनपैशांचा छंद आहे हेही लक्षात घ्या. त्यावरही तगादा थांबला नाही. शेवटी आधीपासून नीटनेटके पॅच पाठवणाऱ्या 'जिया टान' नावाच्या व्यक्तीला त्यांनी जोडीला घेतलं. त्याच नावाने फेब्रुवारी २०२४ मध्ये ५.६.० या आवृत्तीत चोरदरवाजा घातला. २९ मार्चला तो उघड झाला, कारण अँड्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला एसएसएच लॉगिनला (दूरच्या कॉम्प्युटरमध्ये सुरक्षितपणे शिरायला) अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं आणि त्याने पाठ सोडली नाही.

तगादा लावणारी ती खाती बनावट असावीत, असं आता जवळपास सगळेच मानतात. मला हादरवतं ते हे की त्यांची वाक्यं आणि आपण खरोखरचे वापरकर्ते लिहितो ती वाक्यं यात काडीचा फरक नाही. 'प्रोजेक्ट मेलाय का?' 'किती महिने वाट बघायची?' असं लिहिणाऱ्यांची इतकी गर्दी असते की त्यात चोर सहज मिसळून गेला. थकलेल्या माणसाला दमात घेणं ही आपण इतकी रोजची गोष्ट करून ठेवलीय की त्याचंच हत्यार झालं.

कंपन्यांबद्दल माझं मत याहून कडक आहे. घरून अंक काढणारा माणूस चिडला तर मी समजू शकते. पण २०१४ साली नेटवरची माहिती सुरक्षित ठेवणाऱ्या ओपनएसएसएलमध्ये हार्टब्लीड नावाचा गंभीर दोष सापडला तेव्हा निम्मं इंटरनेट ज्यावर चालत होतं त्या प्रोजेक्टला वर्षाला साधारण २००० डॉलर देणगी मिळत होती. २०२२ मध्ये कर्ल या नेटवरून डेटा आणण्या-पाठवण्याच्या फुकट प्रोग्रॅमचे डॅनियल स्टेनबर्ग यांना एका मोठ्या कंपनीचा मेल आला, लॉगफोरजे या दुसऱ्याच सॉफ्टवेअरमधल्या दोषाबद्दल चोवीस तासांत उत्तरं द्या म्हणून. कर्लमध्ये लॉगफोरजे नाहीच. त्यांनी कळवलं, सपोर्टचा करार करा, आनंदाने उत्तरं देतो. अगदी बरोबर केलं! आपल्याकडे झिरोधा या शेअर ब्रोकर कंपनीने २०२४ मध्ये असल्या प्रोजेक्टांसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी सुरू केला, त्याचं मला मनापासून कौतुक आहे. हिंजवडी-खराडीत बसणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, तुमच्या प्रॉडक्टच्या डिपेंडन्सींची, म्हणजे ते ज्या इतरांच्या कोडवर उभं आहे त्याची, यादी एकदा उघडा आणि त्यातल्या एका तरी माणसाला कंपनीने काही दिलंय का, हे मॅनेजरला विचारा. मी आमच्याकडे विचारलं. दुसऱ्यांदाही विचारणार आहे.

माझ्या पानावर आता पहिलीच ओळ आहे: 'मी महिन्यातून एकदाच इथे बघते. तातडीच्या कामासाठी यावर विसंबू नका.' त्यानंतर मेल कमी झाले नाहीत, पण त्यांचा सूर पार बदलला. मे महिन्यात कोल्हापूरला डीटीपी करणाऱ्या एका ताईंनी तुटणाऱ्या ४३ शब्दांची यादी पाठवली, मूळ फाइल आणि फॉन्टच्या नावासकट. त्यातले ३१ दुरुस्त झालेत. उरलेले १२ 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' असे ऱ्याचे आहेत. ते दिवाळीनंतर बघणार, तसं पानावर लिहून ठेवलंय आणि ताईंनाही कळवलंय.