ऐंशीचा पंचम

"दोन मिनिटांचं काम आहे रे," असं ज्याने मला सांगितलं तो माझा जुना मित्र आहे, म्हणूनच अजून धडधाकट आहे.

तो लघुपट बनवत होता. नायक गाडी सुसाट काढतो, असा त्यात एक प्रसंग. नायकाला गाडी जेमतेम चालवता येत होती आणि गाडी होती शेजारच्या काकांची. काकांच्या अटी दोनच : काटा २० च्या वर जाता कामा नये आणि ते स्वतः शेजारी बसणार. कॅमेरा जरा तिरका धरून काकांना दृश्यातून वगळलं. आवाजातून वगळायचं काम माझ्याकडे आलं, कारण एका वाढदिवसाच्या व्हिडिओला मी कधीकाळी गाणं जोडून दिलं होतं. "तुला आवाजातलं कळतं. वीसचे ऐंशी करून टाक."

पहिलं रेकॉर्डिंग लावलं तर इंजिनच गायब! फोन स्वतःला फार शहाणा समजतो. सलग, एकसुरी आवाज आला की तो गोंगाट समजून पुसतो आणि माणसाचा आवाज मात्र जिवापाड जपतो. त्यामुळे इंजिन नामशेष आणि काका स्वच्छ : "हळू... हळू रे... क्लच! अरे क्लच!" फोनचा तो शहाणपणा बंद करून पुन्हा रेकॉर्ड केलं. या वेळी इंजिन आलं. काकाही आले. पुरे दहा मिनिटांत काका गप्प बसलेली जागा एकच सापडली, तीन सेकंदांची. बहुधा श्वास घेत होते. माझं पुढचं सगळं कर्तृत्व त्या तीन सेकंदांवर उभं आहे.

आधी साफसफाई. विजेची गुणगुण काढायला ५० हर्ट्झचा फिल्टर लावायचा, ही माझी सवय. लावला, आणि इंजिनातला जीवच गेला. तासभर डोकं खाजवल्यावर हिशोब लागला. चार सिलिंडरचं इंजिन एका फेऱ्यात दोन ठोके देतं. काकांची गाडी दुसऱ्या गिअरमध्ये २० ने जात होती, तेव्हा इंजिन मिनिटाला साधारण १५०० फेरे घेत होतं. म्हणजे सेकंदाला २५ फेरे आणि ५० ठोके, म्हणजेच ५० हर्ट्झ. मी गुणगुण समजून इंजिनाचा गळाच आवळला होता.

फिल्टर काढला आणि मुख्य कामाला हात घातला. वीसचे ऐंशी म्हणजे चौपट. तिसरीतलं पोरही सांगेल. आवाज चौपट वेगाने वाजवला. चौपट म्हणजे दोन सप्तकं वर. मंद्रातली गाडी थेट तार सप्तकात गेली आणि शिवणयंत्र होऊन बाहेर पडली. शिवाय तीन सेकंदांचं पाऊण सेकंद झालं. ते एकापुढे एक जोडलं तर दर जोडावर 'टक्'. जोड गुळगुळीत केले तर तोच तुकडा फिरून फिरून येतोय हे कानाला कळायला लागलं, आणि शिवणयंत्राला हेलिकॉप्टरचे पंखे फुटले.

मग सूर न बदलता लांबी ताणणारी युक्ती वापरून पाहिली. लांबी मिळाली, पण गाडी पत्र्याच्या पिंपात बसून बोलायला लागली.

बायको इतका वेळ हे सहन करत होती. शेवटी दारात येऊन म्हणाली, "ऐंशीला तू दुसऱ्या गिअरमध्ये असतोस?"

गाडी रोज ती चालवते, मी शेजारी बसून मतं देतो, त्यामुळे हा प्रश्न मला पडणं शक्यच नव्हतं. दुसऱ्या गिअरमध्ये ८० गाठायचे तर इंजिनाला मिनिटाला ६००० फेरे मारावे लागतील. ते किंचाळेलच. माणूस गिअर बदलतो. पाचव्यात ८० ला इंजिन साधारण २२५० वर असतं. १५०० चे २२५० म्हणजे दीडपट, आणि दीडपट म्हणजे चोख पंचम! वीसचा सा धरला तर ऐंशी पंचमावर. मी दोन सप्तकं धावून आलो होतो आणि घर चार गल्ल्यांवर होतं.

पंचम लावला. सूर बरोबर, पण गाडी अशक्त वाटायला लागली! कारण खरं इंजिन पळतं तेव्हा ठोके जवळजवळ येतात, सायलेन्सरची नळी मात्र तेवढीच राहते, त्यामुळे तिचा घुमारा जागचा हलत नाही. मी ठोक्यांबरोबर घुमाराही वर ढकलला होता. सायलेन्सरच्या जागी बोरूची नळी बसवल्यासारखं झालं. खालचा भाग हाताने भरून काढला. मध्ये रेस तुटते, सूर पडतो, पुन्हा चढतो, अशा गिअर बदलण्याच्या तीन जागा केल्या. तरीही गाडी उभीच! वेग इंजिनात कमी आणि टायरात नि वाऱ्यात जास्त असतो, हे तेव्हा लक्षात आलं. दारातलं खरखरीत पायपुसणं माइकपाशी घासलं. हे झाले टायर. वारा मी तोंडाने दिला.

राहिला गाडी समोरून निघून जाण्याचा शॉट. १८४५ साली बाइज बॅलट या डच शास्त्रज्ञाने रेल्वेवर कर्णेवाले बसवून डॉपलरचं म्हणणं तपासलं होतं : येताना सूर चढा, जाताना उतरता. (त्या कर्णेवाल्यांनाही कोणीतरी दोन मिनिटांचं काम म्हणूनच नेलं असणार.) गंमत अशी की रेकॉर्डिंग कितीही पळवलं तरी येतानाच्या आणि जातानाच्या सुरांचं गुणोत्तर तेच राहतं. २० ला ते अर्धस्वराच्या (पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या) निम्म्याच्या आसपास, ८० ला सव्वादोन अर्धस्वर. तेवढी घसरगुंडी हाताने काढली. रात्रीचे तीन वाजले होते.

लघुपट दाखवला तेव्हा काका पहिल्या रांगेत होते. तो प्रसंग आला तसे ते खुर्चीत ताठ झाले. दिवे लागल्यावर सरळ माझ्यापाशी आले.

"टॉपला टाकलीत? ऐंशीच्या पुढेच होता काटा. मी नसताना गाडी कधी नेलीत?"

मी शपथा घेतल्या. पंचम समजावला. घरी नेऊन पायपुसणं घासून दाखवलं, वाराही घालून दाखवला. काका ढिम्म. शेवटचा पुरावा म्हणून मूळ रेकॉर्डिंग लावलं : "हळू... हळू रे... क्लच! अरे क्लच!"

काकांनी ते शेवटपर्यंत ऐकलं. मग पायपुसण्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"पायपुसण्यातून ऐंशीचा स्पीड काढणारा माणूस तू. माझा आवाज काढणं तुला काय, दोन मिनिटांचं काम."