‘१७ नंबरची पळवाट’ म्हणणाऱ्यांसाठी

दहावीचा निकाल लागला की एक मेसेज हमखास फिरतो. यंदा मला तो तीन ग्रुपवर आला. मजकूर थोडक्यात असा: नापास झालं की वर्ष गेलंच, बाहेरून परीक्षेला बसायचा १७ नंबरचा फॉर्म आणि ओपन स्कूल या पळवाटा, तिथे परीक्षा सोपी असते, ते सर्टिफिकेट पुढे चालत नाही, ओपनवाला डॉक्टर होऊ शकत नाही, आणि ज्याला गणित येत नाही त्याला कितीही शिकवा, डोक्यात शिरणार नाही.

वर्ष गेलं? २०१५ पासून राज्य मंडळ दहावीची फेरपरीक्षा साधारण जून-जुलैमध्येच घेतं. त्याआधी ऑक्टोबरपर्यंत थांबावं लागायचं. एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीवर अकरावीला प्रवेशही मिळतो. मेसेज पाठवणाऱ्या काकांना एटीकेटी म्हणजे काय ते सांगायला नको, इंजिनिअरिंगची चार वर्षं त्यांनी तिच्याच आधाराने काढली.

‘परीक्षा सोपी असते.’ १७ नंबरवाल्यांसाठी वेगळी परीक्षा नसतेच. शाळा सुटलेली मुलं तो फॉर्म भरतात, बोर्डाने नेमून दिलेल्या शाळेतून परीक्षेला बसतात आणि नियमित मुलांचीच प्रश्नपत्रिका सोडवतात. पासिंगही तेच, ३५. फरक एवढाच, की यांना वर्षभर रोजचा वर्ग नसतो.

सर्टिफिकेटचं म्हणाल तर एनआयओएस, म्हणजे ओपन स्कूल चालवणारी राष्ट्रीय संस्था, हे कुठल्या गल्लीतलं क्लासचं दुकान नाही. १९७९ मध्ये सीबीएसईचा प्रकल्प म्हणून ते सुरू झालं, १९८९ मध्ये स्वतंत्र संस्था झाली, आज केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाखाली चालतं. पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, एकेक विषय सोडवत जाता येतं आणि जुन्या बोर्डात पास झालेले दोन विषयांपर्यंतचे गुण सोबत नेता येतात. ‘ओपनवाला डॉक्टर होऊ शकत नाही’ हे मात्र हवेतून आलेलं नाही. वैद्यकीय प्रवेशाच्या १९९७ च्या नियमांतली एक तरतूद खरंच आडवी येत होती. दिल्ली उच्च न्यायालयाने ती २०१८ मध्ये रद्द केली आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही विषय मिटला. मेसेज तेवढा जुनाच फिरतोय.

आता ‘कितीही शिकवा’. यावर मात्र मला राग येतो. मी काही वर्षं रात्रशाळेत गणित घेतलं. दिवसा कामाला जाणारी एक मुलगी दोनदा गणितात अडकून माझ्याकडे आली होती. बीजगणिताचं पहिलंच उदाहरण चुकलं म्हणून मी मागे मागे जात राहिलो. शेवटी तिला पाऊण अधिक अर्धा किती ते वहीत मांडायला सांगितलं. तिने लिहिलं: ३/४ + १/२ = ४/६. वरचे वर, खालचे खाली. मी विचारलं, “पाऊण भाकरीत अर्धी मिळवली तर एकीपेक्षा कमी कशी होईल?” ती वहीकडे बघत राहिली, मग स्वतःशीच हसली. पाचवीतली चूक सहा वर्षं तशीच पुढे आली होती आणि वाटेत प्रत्येकाने तिला ‘सराव कर’ एवढंच सांगितलं होतं. पुढचे तीन आठवडे आम्ही फक्त अपूर्णांक केले. दहावीचं पुस्तक उघडलंसुद्धा नाही.

मेसेजवाल्यांनी खरी दुखरी जागा पाहिलीच नाही. या वाटांवर परीक्षा मिळते, शिकवणारा मिळेलच असं नाही. संपर्क वर्ग मोजकेच असतात, नोकरी करणाऱ्यांना तेही जमत नाहीत. एनआयओएसमध्ये २० टक्के गुण घरी लिहायच्या स्वाध्यायांना असतात, ते कॉपी करून उरकले जातात. त्यात ‘गॅरंटीड पास’च्या पाट्या लावून बसलेले एजंट. मुलाचा फॉर्म भरायला जाल तेव्हा फीच्या आधी विचारा: वर्ग कुठे भरतो, कोणत्या वारी, गणित कोण घेतं? उत्तर ‘पुस्तकं घरपोच येतील’ असं आलं, तर तिथून उठा.