गुण आला तर औषध, बाधलं तर खाऊ

मूड जातोय ना तुमचा? झोप लागत नाही, रविवारी संध्याकाळ झाली की पोटात गोळा येतो, ऑफिसचा ग्रुप वाजला की छातीत धडधडतं, आणि घरात कुणी काय झालं विचारलं की तुम्ही म्हणता काही नाही, ॲसिडिटी आहे जरा. एकदम बरोबर चाललंय तुमचं. हेच उत्तर धरून ठेवा. माझं मेडिकल आहे सांगलीत, २२ वर्षं काऊंटरला उभा आहे, आणि तुमच्या या ॲसिडिटीच्या जिवावर माझ्या दुकानात मूडच्या झाडपाल्याच्या बरण्यांचा अख्खा एक रॅक उभा राहिलाय, काचेचा, आत लाईट लावलेला, जिथे पूर्वी ग्राईप वॉटर आणि बेबी पावडर असायची. त्यामुळे मी सांगतो ते नीट ऐका, यात माझाही फायदा आहे.

पहिली गोष्ट म्हणजे रोग स्वतःच ठरवायचा. डॉक्टर लागत नाही त्याला, मोबाईल लागतो. रात्री दीड वाजता, झोप का येत नाही हे शोधायला तीन तास रील बघायच्या, चौथ्या तासाला कळतं की तुमचं डोपामिन लो आहे. झालं निदान. पूर्वी आमच्या आजीच्या वेळी माणसाला नजर लागायची, बाहेरचं व्हायचं, फार तर पित्त चढायचं, आता केमिकल इम्बॅलन्स होतो, शब्द भारी आहे, लग्नाच्या पंगतीतसुद्धा बोलता येतो. परवा एक जण रिपोर्टची फाईलच घेऊन आला, म्हणे साहेब यात साखर आहे, कोलेस्टेरॉल आहे, थायरॉईड आहे, सेरोटोनिन कुठाय? मी म्हटलं ते नसतं हो यात. तर लॅबवाल्याला शिव्या घालत गेला. आता त्याला कोण सांगणार की सेरोटोनिन, म्हणजे मूडशी ज्याचं नाव जोडतात ते रसायन, अंगातलं ९० टक्क्यांच्या आसपास आतड्यात बनतं आणि ते मेंदूत जातच नाही, रक्त आणि मेंदूच्या मधे एक नाका आहे आणि तो ओळखीवर गाडी सोडत नाही. म्हणजे रक्तातला आकडा बघून मूड कळत नाही. पण हे तुम्ही मनावर घेऊ नका, बरणीवर मेंदूचं चित्र आहे ना, बास.

आता बरणी. बरणी घेताना पुढची बाजू वाचायची, मागची नाही. पुढे काय असतं, तर मूड सपोर्ट, ब्रेन सपोर्ट, स्ट्रेस सपोर्ट. सपोर्ट हा शब्द ज्यानं शोधला त्याच्या पाया पडावंसं वाटतं मला. बरं करतो म्हणायचं नाही, कारण जादूटोणा छाप औषधांच्या जाहिरातींवर १९५४ पासून कायदा आहे, उगाच लफडं नको. सपोर्ट म्हटलं की कसं, इलेक्शनला पाठिंबा देतात तसं, निवडून आला तर आमच्यामुळे, पडला तर आम्ही बाहेरूनच होतो. आणि मागच्या बाजूला, मुंगीच्या अक्षरात, औषधी वापरासाठी नाही असं इंग्रजीत छापलेलं असतं. कारण यातल्या बऱ्याचशा बरण्या औषधाच्या नाही, खाण्याच्या पदार्थांच्या लायसनवर येतात. गुण आला तर औषध, बाधलं तर खाऊ. याच्यापेक्षा सेफ धंदा मी तरी बघितला नाही.

आणि कुणी शहाणा म्हणालाच की अहो हे जपून घ्या, तर ठेवणीतलं वाक्य काढायचं. नॅचरल आहे, साईड इफेक्ट नाही. धोतराही नॅचरल आहे, कण्हेरही नॅचरल आहे, पण असले वाह्यात दाखले देणाऱ्याकडे दुर्लक्ष करायचं. त्यानं चरक काढला तर मात्र जरा अडचण होते, कारण चरकसंहितेत पहिल्याच अध्यायात लिहून ठेवलंय की नीट योजलं तर जहाल विषही उत्तम औषध होतं आणि वाईट योजलं तर औषधही विष होतं. तेव्हा आयुर्वेदाचा अभिमान बाळगायचा पण आयुर्वेद वाचायचा नाही. वैद्याकडे तर बिलकुल जायचं नाही, तो नाडी बघेल, जीभ बघेल, किती वाजता झोपता विचारेल, रात्रीची मिसळ बंद करेल. एवढं कुणी सांगितलंय, गमी आहेत ना, चघळायच्या गोड गोळ्या.

अश्वगंधाच्या गमी. स्ट्रॉबेरी फ्लेवर. ज्या मुळीला घोड्याच्या अंगासारखा वास येतो म्हणून तिचं नावच अश्वगंधा पडलं, आपल्याकडे आस्कंद म्हणतात, तिला स्ट्रॉबेरीचा वास आणून दाखवला या लोकांनी, मला तर यांचं कौतुकच वाटतं. बरं ही मुळी काही फालतू नाही हां, हे मी धंदेवाला म्हणून सांगत नाही. २०१२ मध्ये हैदराबादला ६४ जणांवर अभ्यास झालेला, ३०० मिलिग्रॅमचा अर्क दिवसातून दोनदा, ६० दिवस, आणि ताण कमी झाला म्हणाले लोक, रक्तातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, तेही उतरलं. पण तो होता ताण. डिप्रेशन नव्हे. आणि त्यांना काय, किती, किती दिवस द्यायचं ते ठरलेलं होतं. तुम्ही कशाला ठरवताय, गोड लागतात म्हणून दोनाच्या जागी चार खा. थायरॉईडची गोळी चालू असेल तर विचारूही नका, अश्वगंधानं थायरॉईडचे आकडे वर जाऊ शकतात पण ते सहा महिन्यांनी रिपोर्टमध्ये दिसेल, तेव्हाचं तेव्हा बघू. लिव्हरला त्रास झाल्याच्या केसेसही डॉक्टरांनी छापल्यात, थोड्या आहेत पण आहेत, कावीळ झाली तर हॉटेलचं पाणी बाधलं म्हणायचं. डेन्मार्कनं २०२३ मध्ये अश्वगंधावर बंदीच घातली, पण त्यांना काय कळतंय, त्यांच्याकडे घोडे वेगळे. आपल्या आयुष मंत्रालयानंही २०२१ मध्ये कंपन्यांना सांगितलेलं की मुळी वापरा, पानं नको. बरणीत मुळी आहे की पानं हे मागच्या बाजूला लिहिलेलं असतं, पण ती बाजू आपण वाचायची नाही असं ठरलंय.

शंखपुष्पीचा सीझन वेगळा. दहावी-बारावीच्या परीक्षेआधी एक महिना. आया येतात, पोरगं मागे उभं, नखं खात, डोळ्याखाली काळं. त्याला झोप हवी असते आणि आईला सिरप. मी सिरप देतो. आता शंखपुष्पी म्हणजे नक्की कुठली वनस्पती यावर जाणकारांत भांडणं आहेत, कुणी गोकर्णालाच शंखपुष्पी म्हणतं, कुणी विष्णुक्रांतेला. ब्राह्मीचीही तीच रड, एकाची ब्राह्मी म्हणजे ओढ्याकाठची जाडसर लहान पानांची नीरब्राह्मी, दुसऱ्याची ब्राह्मी म्हणजे मंडूकपर्णी, बेडकाच्या पायासारख्या पानाची. दोन वेगळी झाडं, एक नाव. पण आपल्याला काय, रंग हिरवा आहे ना.

एक गोष्ट मात्र या शंखपुष्पीच्या बाबतीत मला नेहमी आठवते आणि त्यात मला चेष्टा सुचत नाही. फेफऱ्याचे काही पेशंट, फेनिटॉईन ही फिट्सची गोळी चालू, व्यवस्थित कंट्रोलमध्ये, आणि अचानक झटके परत सुरू. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधल्या लोकांनी खोदून काढलं तेव्हा कळलं की शंखपुष्पीचं सिरप बरोबरीनं चालू होतं. मग उंदरांवर करून बघितलं तर त्या सिरपमुळे रक्तातलं फेनिटॉईन खाली येत होतं. १९९२ मध्ये छापून आलंय हे. म्हणून मी अजूनही विचारतो, घरात कुणाला फिट्सची गोळी चालू आहे का. लोकांना राग येतो. आमच्या घरात असलं काही नाही, म्हणतात. असलं काही.

तर मुद्दा काय, डॉक्टरला सांगायचं नाही. काय काय औषधं घेता विचारलं की काही नाही म्हणायचं. काढा सांगायचा नाही, गमी सांगायच्या नाहीत, आणि पोरीनं अमेरिकेतून पाठवलेली सेंट जॉन्स वॉर्टची बाटली तर अजिबात नाही. आमच्याकडे एक मावशी येतात, त्यांनी ती बाटली पर्समधून काढून मला दाखवली, हे चांगलं असतं का रे. आता हे झाड खरंच काम करतं, हलक्या-मध्यम डिप्रेशनवर त्याचा उपयोग दिसलाय, जर्मनीत तर डॉक्टर लिहून देतात. आणि काम करतं हाच त्याचा प्रॉब्लेम. लिव्हरला ते असं कामाला लावतं की बाकीची औषधं लवकर निचरून जातात, गर्भनिरोधक गोळीपासून किडनी बदललेल्या माणसाच्या गोळीपर्यंत. आणि डिप्रेशनची गोळी आधीच चालू असेल तर दोघं मिळून सेरोटोनिन इतकं वाढवू शकतात की घाम, थरथर, जुलाब, ताप, थेट ॲडमिट. मावशींना आधीपासून एस्सिटालोप्राम ही डिप्रेशनची गोळी चालू होती, मीच देत होतो. मी म्हटलं मावशी हे दोन्ही एकत्र नाही चालणार. तर म्हणाल्या, अरे ती गोळी केमिकल आहे, हे झाडपाला आहे, दोघांचं भांडण कसं होईल.

या झाडपाल्याचा एक इतिहास सांगतो, ऐकायचा तर ऐका. सर्पगंधा. बिहारकडे तिला पागल की दवा म्हणायचे. १९३१ मध्ये कलकत्त्यात सेन आणि बोस या डॉक्टरांनी छापलं की हिनं वेड्या माणसाची खळबळ शांत होते आणि ब्लड प्रेशरही उतरतं. मग आपल्या मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील, त्यांनी ५० पेशंटवर नीट मोजून मापून, १९४९ मध्ये इंग्लंडच्या हार्टच्या जर्नलमध्ये मांडलं, तेव्हा जगाला जाग आली. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातलं काम करणारं रसायन, रेसर्पिन, वेगळं काढलं. वकिलांना १९५७ मध्ये अमेरिकेतलं लास्कर पारितोषिक मिळालं. खरीखुरी आपली मुळी, खरीखुरी मेंदूच्या केमिस्ट्रीवर चालणारी, अगदी बरणीवर लिहितात तशी. आणि केलं काय तिनं? मेंदूतलं सेरोटोनिन आणि त्याच्या भाऊबंदांचा साठा रिकामा केला, आणि प्रेशरचे काही पेशंट उदास व्हायला लागले, असं त्या काळचे डॉक्टर लिहायला लागले. किती जण आणि कशामुळे यावर नंतर वाद झाले, पण डिप्रेशन म्हणजे मेंदूतल्या रसायनांची गडबड असावी हा विचार पुढे आला त्यात या मुळीचा मोठा हात. म्हणजे तुम्ही रात्री दीड वाजता जो केमिकल इम्बॅलन्स रीलमध्ये बघता, त्याच्या खापरपणज्यांत कुठेतरी आपलीच एक नॅचरल, साईड इफेक्ट नसलेली मुळी बसलीय.

असो. सारस्वतारिष्ट या बुद्धीच्या आयुर्वेदिक औषधाबद्दल एवढंच की अरिष्टात आंबवल्यामुळे आपोआप तयार झालेलं अल्कोहोल असतं, बाटलीवर लिहिलेलं असतं, तेव्हा दोन चमच्याऐवजी अर्धा कप घेणाऱ्या आमच्या एका काकांचा मूड सुधारतो यात मला तरी नवल वाटत नाही. केशरही म्हणतात चांगलं, इराणमध्ये ३० मिलिग्रॅम रोज देऊन बरेच प्रयोग झालेत, पण आजच्या भावात केशर घेतल्यावर उदासीचं नवीन कारण मिळतं.

आणि १४४१६ हा टेली-मानस या मनाच्या त्रासासाठीच्या हेल्पलाईनचा नंबर चुकूनही फिरवू नका. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीतही बोलतात, आणि फुकटच्या गोष्टीनं कुणाला बरं वाटलंय का कधी. मिरजेला मानसोपचारवाल्याकडे जायचंच असेल तर निदान स्कार्फ बांधून जा, आमच्याकडचे जातात तसे.

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. रात्री शटर अर्धं खाली ओढलेलं, एक ओळखीचे गृहस्थ वाकून आत आले. आधी मोठ्यानं अश्वगंधाची बरणी मागितली, ६० गमीची, बाहेर त्यांचा शेजारी स्कूटरवर बसून होता त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. मग शेजारी स्कूटर वळवायला लांब गेला तसं खिशातून चिठ्ठी काढली, चार घड्या घातलेली. मिरजेच्या डॉक्टरची. गोळी पांढरी, छोटी, रोज एक. मी स्ट्रिपा खाकी पाकिटात घालत होतो तर म्हणाले, पाकीट नको. बरणी फोडली, सगळ्या गमी काऊंटरवर ओतल्या, मला म्हणाले पोरांना वाटा, आणि मग कात्री मागून एकेक गोळी स्ट्रिपसकट कापून बरणीत भरत बसले, नीट, घाई न करता. घरात विचारलं तर, एवढंच म्हणाले आणि झाकण लावलं.

दोन महिन्यांनी माणूस ओळखू येईना. सकाळी आमराईत चालायला जातात, दुकानावरून जाताना हात करतात, परवा तर चक्क हसले. आणि आता त्यांच्या गल्लीतून लोक यायला लागलेत, आतापर्यंत तिघं आली. काल त्यांच्या वहिनी आल्या होत्या. म्हणाल्या, भाऊजींना ज्या कंपनीचा गुण आला ना, तीच द्या, दुसरी नको.

दिली मी. स्ट्रॉबेरीवाली.