'गॉटन' चुकीचं नाही

'गेट' (get) या इंग्रजी क्रियापदाचं तिसरं रूप फक्त 'गॉट'; 'गॉटन' हा अमेरिकनांनी केलेला बिघाड, असा मेसेज पालकांच्या ग्रुपवर फिरतोय. तो खरा नाही. 'गॉटन' हे जुनंच इंग्रजी रूप. इंग्लंडमध्ये ते मागे पडलं, अमेरिकेत टिकलं. 'फरगॉटन' तर आपणही बिनदिक्कत लिहितो! अमेरिकन माणूस दोन्ही वापरतो, पण अर्थ वेगळे ठेवून: 'आय हॅव गॉट अ कार' म्हणजे माझ्याकडे गाडी आहे, 'आय हॅव गॉटन अ कार' म्हणजे मी गाडी मिळवली. 'गेट'चं दुसरं, म्हणजे साध्या भूतकाळाचं रूप मात्र दोन्हीकडे 'गॉट'च. आपल्याकडे शाळेत ब्रिटिश वळण शिकवतात, तेव्हा मुलांनी पेपरात 'गॉट' लिहावं. अमेरिकेतल्या नातवंडांना मात्र 'गॉटन'वरून कृपया टोकू नका, ती बरोबरच बोलताहेत.