सही कुणी मागितली?

ओहायोतल्या आमच्या मुलीच्या सरकारी शाळेपुढे आठवड्यातून एकदा, दुपारी, लाल बस येऊन उभी राहते. वर्गातली बरीच मुलं तीत बसून जवळच्या चर्चमध्ये बायबलच्या तासाला जातात. वर्ग ‘लाइफवाइज’ या संस्थेचे. पूर्वी अशी सुट्टी द्यायची की नाही हे शाळांच्या मर्जीवर होतं; २०२५ मध्ये गव्हर्नर डिवाइन यांनी सही केलेल्या कायद्याने ते बंधनकारक केलं.

मुळात हे चालतं कसं? शाळेच्या इमारतीतले धर्मवर्ग अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९४८ साली घटनाबाह्य ठरवले. १९५२ मध्ये मात्र सहा विरुद्ध तीन मतांनी ठरलं, की आवाराबाहेर, संस्थेच्या खर्चाने आणि पालकांनी लेखी मागणी केली तर हरकत नाही.

आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लगेच सूचना आली, ‘मग आपणही गीतेचा वर्ग काढू.’ काढा की! पण कामाच्या दिवशी भरदुपारी शिकवायला कोण येणार, बस कुठून आणणार? कायदा सगळ्यांना सारखा, मनुष्यबळ नाही.

मागे राहिलेल्यांना त्या वेळात नवं काही शिकवत नाहीत, वर्कशीट देतात. गेलेली मुलं चॉकलेट चघळत परततात आणि विचारतात, ‘तू का नाही येत?’ चर्चला न जाणाऱ्या मुलासाठी शाळा हा तात्पुरता तुरुंग होतो, असं न्या. जॅक्सन यांनी १९५२ च्या विरोधी निकालपत्रात लिहिलं होतं. मुलीला तुरुंग वगैरे कळत नाही, चॉकलेट हुकलेलं कळतं.

त्यामुळे या पद्धतीची वकिली मी करणार नाही. त्यातली पालकांची सही तेवढी मला हवी आहे. २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या अभ्यासक्रम आराखड्याच्या मसुद्यात मनाचे श्लोक आणि गीतेचं पाठांतर सुचवलं गेलं, मनुस्मृतीतला श्लोकही आला. गदारोळ झाला तो कुठला श्लोक हवा, कुठला नको यावर. पालकांना विचारायचं का, हा मुद्दा जवळपास नव्हताच. वास्तविक आपल्या राज्यघटनेचं कलम २८ अगदी रोखठोक आहे: पूर्णपणे सरकारी पैशांवरच्या शाळेत धर्मशिक्षण नाही, मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत ते सक्तीचं नाही, लहान मुलांसाठी पालकांची संमती लागते. पण श्लोक मूल्यशिक्षणाच्या तासाला घातले की संमतीचा प्रश्नच मिटतो.

मनाचे श्लोक मला आजही तोंडपाठ आहेत, आवडतातही. आम्ही परिपाठाला म्हणायचो. माझ्या बाकावरचा मुसलमान मित्रही म्हणायचा, माझ्यापेक्षा खणखणीत. त्याच्या वडिलांची सही कुणी मागितली नव्हती. माझ्याही नाही.