भिंतीवरची रेघ पुसून घर विकू नका

ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि तेव्हापासून मला एजंटांचे फोन वाढलेत. "साहेब, वन बीएचके घेऊन टाका, भाडेकरू लगेच मिळतोय." मी गेली पंधरा वर्षं फ्लॅट घेतो, भाड्यानं देतो, कधी विकतो. गुंतवणुकीला माझा विरोध असायचं कारणच नाही. पण स्वस्त घर म्हणून आपण लोकांच्या गळ्यात काय मारतोय, हे आता बोललंच पाहिजे.

२०१२ साली जयंती नाल्याजवळ तळमजल्याचा फ्लॅट मी १४ लाखांना घेतला. आजूबाजूपेक्षा दोन लाखांनी कमी. का कमी, हे विचारलं नाही. २००५ चा पूर डोळ्यांनी बघितलेला, तरी विचारलं नाही. भाडं ५,५००, म्हणजे वर्षाला ६६ हजार. एवढ्या पैशात असा परतावा कुठं मिळतो, म्हणून खूश होतो.

उद्यमनगरात लेथवर काम करणारा एक जण बायको-पोरांसह राहायला आला. वहिनी घरात पिको-फॉल करायच्या. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४३ फूट. नदी अशी तुंबली की नाल्याचं पाणी पुढं जातच नाही, उलटं गल्लीत शिरतं.

पाणी ओसरल्यावर दार उघडलं. मशीनची फळी फुगून उकललेली, डब्यातल्या गव्हाला मोड आलेले आणि भिंतीवर माझ्या छातीएवढ्या उंचीवर तपकिरी रेघ. वहिनी काही बोलल्या नाहीत. गिऱ्हाइकांच्या साड्या एकेक करून पिळत बसल्या होत्या.

दुरुस्तीत माझं दोन वर्षांचं भाडं गेलं. त्यांचं काय गेलं, त्याचा हिशेब मला मांडता येत नाही. २०२१ ला परत पाणी आलं. तेव्हा एजंट म्हणाला, "पुट्टी मारून रंग द्या, बाहेरगावचं गिऱ्हाईक आणतो." हे सर्रास चालतं. नवीन माणूस आयुष्यभराची पुंजी आणि वीस वर्षांचा हप्ता त्या रंगावर लावतो. तो फ्लॅट मी विकला नाही. आता उन्हाळा-हिवाळ्यात गोडाऊन म्हणून देतो, पावसाळ्यात रिकामा ठेवतो.

सरकारी हिशेबात आपल्याकडं ४५ लाखांपर्यंतचं, ९० चौरस मीटर कार्पेटपर्यंतचं (म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा) घर परवडणारं. बांधकाम चालू असताना घेतलं तर जीएसटी १ टक्का. सगळं किंमत आणि क्षेत्रफळावर. पाणी कुठवर आलं होतं, हे त्यात कुठंच नाही.

पूररेषेच्या बाहेर जा म्हणणं सोपं आहे. पाचगाव, मोरेवाडीकडं दर परवडतो, पण उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. ही गावं महापालिकेच्या हद्दीबाहेर. महापालिका १९७२ ची. हद्दवाढीची नुसती चर्चा. २०१७ मध्ये ४२ गावांसाठी विकास प्राधिकरण झालं, तरी घर घेणाऱ्याचा पहिला प्रश्न अजून "पाणी कुठलं?" हाच. एकीकडं पाणी घरात शिरतं, दुसरीकडं नळाला येत नाही, आणि मधल्या चांगल्या जागेतले फ्लॅट आपण भाव वाढेल म्हणून कुलूप लावून ठेवलेत.

होय, मीसुद्धा. राजारामपुरीत दुसऱ्या मजल्यावरचा माझा फ्लॅट तीन वर्षं बंद होता. २०१९ च्या दिवाळीआधी कुलूप काढलं आणि अकरा महिन्यांचा करार केला. तो करार आजवर दरवर्षी नवा होतोय. बाजारभावापेक्षा दोन हजार कमी मिळतात, पण एक महिनाही भाडं थकलेलं नाही. वहिनींची नवी मशीन खिडकीशी आहे.