टॅब साइज ४ केली म्हणून टॅबचे स्पेस होत नाहीत, ते फॉरवर्ड आता बास करा

परवा रात्री साडेअकराला भाचीचा फोन. जुळे सोलापुरात राहते, इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, दुसऱ्या दिवशी सबमिशन. "मामा, काल चालत होतं की, आज मेक म्हणतंय मिसिंग सेपरेटर, आणि मी कोडला हातच लावला नाही." मेक म्हणजे कोडच्या फायलींतून प्रोग्राम तयार करून देणारं टूल. हात लावला नाही म्हणजे काय, तर क्लासच्या ग्रुपवरचा एक मेसेज वाचून बाईसाहेबांनी अख्ख्या फोल्डरवर फाइंड-रिप्लेस मारलेला. "टॅबची पाच सत्यं जी कॉलेजात सांगत नाहीत." हा मेसेज मलाही तीन जणांकडून आला होता, वाचून हसलो आणि सोडून दिला, तिथंच चुकलं माझं. सांगत नाहीत ते बरंच करतात, कारण पाचातलं एकच अर्धवट खरं आहे.

पहिलं 'सत्य': एडिटरच्या, म्हणजे कोड लिहायच्या प्रोग्रामच्या, सेटिंगमध्ये टॅब साइज ४ केली की फाइलमधल्या टॅबचे ४ स्पेस होतात. नाही होत बाबांनो. टॅब की दाबल्यावर फाइलमध्ये जातो तो टॅब हे एक अक्षर आहे, आस्कीत, म्हणजे अक्षरांना नंबर देणाऱ्या यादीत, त्याचा नंबर ९, स्पेसचा ३२. टॅब साइज म्हणजे एडिटरनं तो स्क्रीनवर किती रुंद दाखवायचा एवढंच, फाइल आहे तशीच राहते. म्हणून तुमच्याकडे नीट दिसणारा कोड मित्राच्या विम नावाच्या एडिटरमध्ये पार उजवीकडे पळालेला दिसतो, तिथं डिफॉल्ट ८ आहे. की दाबल्यावर आत काय घुसायचं ते ठरवणारं सेटिंग वेगळंच, व्हीएस कोड या एडिटरमध्ये इन्सर्ट स्पेसेस, विममध्ये एक्स्पँडटॅब, आणि तेही इथून पुढं टाइप कराल त्यालाच लागू, जुने टॅब जागच्या जागी. त्यात व्हीएस कोड फाइल उघडताना आतलं इंडेंटेशन, म्हणजे ओळीआधी सोडलेली जागा, बघून स्वतःच अंदाज बांधतो, डिटेक्ट इंडेंटेशन चालूच असतं, मग "४ केलं तरी २ च का येतंय" म्हणून पोरं सेटिंग उकरत बसतात.

पण खरा घात दुसऱ्यानं केला. "प्रोजेक्टमधला प्रत्येक टॅब शोधा, त्याजागी ४ स्पेस टाका, आयुष्यभराची कटकट मिटली." ज्यानं हे लिहिलं त्यानं मेकफाइल, म्हणजे मेकला काय करायचं ते सांगणारी फाइल, बघितलीय का कधी? त्यात कमांडची ओळ टॅबनंच सुरू व्हावी लागते, स्पेस दिले की मेक तिथंच थांबतं. स्टुअर्ट फेल्डमननं १९७६ ला बेल लॅब्समध्ये मेक लिहिलं तेव्हापासूनचा हा नियम, बदलायची वेळ आली तोवर डझनभर लोक वापरायला लागले होते, त्यांचं बिघडायला नको म्हणून राहिला तो राहिला. नियम कटकटीचा आहे हे मला पण मान्य आहे, पण आहे. आणि गंमत बघा, ओळीच्या सुरुवातीला ८ स्पेस असतील तर मेकची ग्नू आवृत्ती विचारते तरी, बाबा इथं टॅब हवा होता का म्हणून. मेसेजनं सांगितले ४, म्हणजे तेवढा इशारा पण गेला. पोरगी दोन तास कोलन आणि कंस तपासत बसली होती.

बरं, मेकफाइल सोडा, साध्या टेबलचं पण वाटोळं होतं. माझी आई टायपिंगची परीक्षा दिलेली, मराठी तीस, नव्या पेठेतल्या क्लासला जायची. तिला विचारा टॅब म्हणजे काय. स्टेटमेंट टाइप करायच्या आधी रकान्यांच्या जागी टॅब सेट करून ठेवायचे, मग टॅब दाबला की कॅरेज खर्रकन पुढच्या खुणेवर जाऊन थांबायचं, आधी दोन अक्षरं असोत नाहीतर पाच. टॅब म्हणजे "पुढच्या खुणेपर्यंत चल", "चार पावलं चल" नव्हे. रुंदी ४ असेल आणि तुम्ही तीन अक्षरं लिहून टॅब मारला तर तो एकच घर सरकतो, त्याजागी ४ स्पेस कोंबले की रकाना वाकडा झालाच. बदलायचंच असेल तर विममध्ये एक्स्पँडटॅब चालू करून रीटॅब आहे, व्हीएस कोडमध्ये कन्व्हर्ट इंडेंटेशन टू स्पेसेस आहे. रीटॅब ओळीतले सगळेच टॅब बदलतं पण रकाने जागेवर ठेवतं, व्हीएस कोडचं ओळीच्या सुरुवातीपुरतंच बघतं. आंधळा फाइंड-रिप्लेस टॅबनं वेगळ्या केलेल्या डेटा फाइललाही सोडत नाही. भाचीची लॅबच्या रीडिंगची फाइल तशीच गेली, एका रकान्यात सगळं गोळा.

तिसरं, "पायथनमध्ये टॅब चालत नाही." हे ते अर्धवट खरं. पायथनची जी अधिकृत स्टाइल गाइड आहे, पेप ८, २००१ ची, ती स्पेसच वापरा म्हणते, एका लेव्हलला ४, मी पण तेच करतो. पण त्याच ठिकाणी पुढं असंही आहे की आधीचा कोड टॅबचा असेल तर त्याच्याशी जुळवायला टॅबच ठेवा. चालत नाही ती भेसळ. एका ब्लॉकमध्ये एक ओळ स्पेसची, दुसरी टॅबची केली की पायथन ३ टॅबएरर तोंडावर मारतो. मेसेजवाल्यानं पहिलं वाक्य उचललं आणि पुढचं गिळलं.

चौथं, टॅबमुळे प्रोग्राम स्लो होतो. ह्यावर काय बोलायचं? सी चा कंपायलर मोकळी जागा टाकून देतो, पायथनचं आधी बाइटकोड, म्हणजे चालवायला सोपं असं मधलं रूप, होतं, चालताना तिथं टॅब पण नसतो आणि स्पेस पण नसतो. पाचवं, मोठ्या कंपन्यांत टॅबवर बंदी. गूगलमधूनच आलेल्या गो भाषेचा फॉरमॅटर स्वतःहून टॅब घालतो आणि लिनक्स कर्नलच्या, म्हणजे त्या सिस्टिमच्या गाभ्याच्या, कोडमध्ये टॅबच लागतो, तोही ८ रुंदीचा. झालं.

तर त्या रात्री काय केलं? "अगं, रेंडर व्हाइटस्पेस ऑल कर," म्हटलं, म्हणजे मोकळ्या जागा खुणांनी दिसतात. स्पेसचे ठिपके दिसले, टॅबचा बाण एकही नाही. मेकफाइलच्या सहा ओळींत स्पेस खोडून टॅब मारला, व्हीएस कोड मेकफाइलमध्ये मुद्दाम टॅबच घालतो, त्यानं निदान तेवढा अभ्यास केलाय. मग फोल्डरमध्ये कुठं टॅब, कुठं स्पेस ते एडिटरला सांगणारी एक एडिटरकॉन्फिग फाइल टाकायला लावली, पायथनला स्पेस ४, मेकफाइलला टॅब. व्हीएस कोडला त्याचं एक्स्टेंशन लागतं, तेही घेतलं. पावणेएकला मेक चाललं. रीडिंगची फाइल मात्र परत मशीनवरून घ्यावी लागली.

"मामा, ग्रुपवर टाकू का हे?" म्हणाली. म्हटलं टाक की, पण आधी ज्यानं फॉरवर्ड केलं त्याला फोन लाव, सबमिशन त्याचं पण उद्याच आहे ना.